आराम : ११.४० ते १२.१०

आमच्या मेव्हण्यांनी पाठवलेल्या एक्सेल फाइलमध्ये ‘आराम’ या शब्दापुढे ११.४० ते १२.१० अशी वेळ लिहिलेली होती. त्याच्या वरच्या ओळीत ‘समुद्रात उतरणे, गुडघ्यापर्यंत’, खालच्या ओळीत ‘जेवणानंतरचे आइस्क्रीम, गट ब’ आणि शेवटच्या रकान्यात ‘जबाबदार व्यक्ती’. आरामाला जबाबदार व्यक्ती म्हणून माझं नाव होतं. माझ्यावर याहून मोठा विश्वास सासरच्या मंडळींनी आजवर टाकलेला नाही.

मेव्हणे म्हणजे बायकोचे थोरले बंधू. ह्यूस्टनला असतात. चालू रिफायनरी बंद करायची, दुरुस्त करायची आणि ठरल्या तासाला पुन्हा सुरू करायची, याचं नियोजन हा त्यांचा आयुष्यभराचा व्यवसाय. निवृत्तीनंतर रिफायनरी हातची गेली आणि आम्ही सापडलो. फ्लोरिडाहून निघणारी बहामाची क्रूझ त्यांनीच ठरवली. क्रूझवर खाणं-पिणं, नाटक-गाणं सगळं असतं, पण त्यांच्या मते त्यात खरा दिवस एकच : खाजगी बेटावरचा. सकाळी उतरायचं, वाळूत पडायचं, संध्याकाळच्या आत परत. ‘तिथे काही म्हणजे काही करायचं नसतं, भाऊजी,’ असं मला फोनवर सांगून त्यांनी त्या काहीही न करण्याची सात पानी फाइल पाठवली.

आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. आईचं माहेर हर्णै. अंगणातून समुद्र दिसायचा आणि संध्याकाळी किनाऱ्यावर माशांचा लिलाव चालायचा, अशा गावातली बाई. तिला बातमी दिली.

‘समुद्र दाखवायला नेताय मला?’

‘अगं, बहामाचा समुद्र आहे.’

‘खारटच ना?’

आता ही खाजगी बेटं म्हणजे काय प्रकरण आहे, ते सांगायला हवं. अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाने एका अमेरिकन बंदरात माणसं चढवून दुसऱ्या अमेरिकन बंदरात उतरवायची नाहीत. निघालेल्या बंदरातच परत आणायची असली, तरी मध्ये कुठेतरी परक्या मुलखाला शिवून यावं लागतं. क्रूझच्या बहुतेक जहाजांवर झेंडा असतो बहामाचा नाहीतर पनामाचा. आणि फ्लोरिडाच्या समोरच बहामाची सातशेच्या आसपास बेटं पसरलेली. त्यांतल्या तीसएक बेटांवर माणसांची वस्ती, बाकीची मोकळी. १९७७ साली नॉर्वेजियन कंपनीने ग्रेट स्टिरप के नावाचं बेट घेतलं आणि मग बाकीच्यांनाही बेटं सुचू लागली. हॉलंड अमेरिकाने १९९६ साली लिटल सान साल्वाडोर घेतलं आणि त्याला हाफ मून के हे गोड नाव दिलं. डिस्नेने गोर्डा के घेऊन त्याचं कॅस्टअवे के केलं. या बेटावर एके काळी अमली पदार्थांची चोरटी विमानं उतरत. त्या जुन्या धावपट्टीवर आता सुट्टी घालवायला आलेली माणसं सकाळी उठून पाच किलोमीटर पळतात. स्मगलर मंडळींना निदान त्याचे पैसे तरी मिळायचे.

काही खाजगी बेटं तर बेटंही नव्हेत. प्रिन्सेस केज हे एल्युथेरा बेटाचं दक्षिण टोक आहे, आणि लाबाडी म्हणजे हैतीच्या उत्तर किनाऱ्यावरचा कुंपण घातलेला तुकडा. जमिनीला कुंपण घातलं आणि फाटकावर रखवालदार बसवला की आत बेट तयार होतं, हे पुण्याच्या सोसायट्यांतून गेलेल्या माणसाला समजावून सांगायला नको.

राहता राहिलं खाजगीपण. आयकॉन ऑफ द सीज हे जहाज पूर्ण भरलं की त्यात ७,६०० प्रवासी मावतात. कोको के नावाच्या बेटाला दोन मोठी जहाजं एकाच वेळी लागतील असा धक्का आहे, १३५ फूट उंचीची घसरगुंडी आहे आणि सगळ्यांना पुरेल एवढा मोठा तलावही आहे, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. गर्दीच्या दिवशी दहा हजारांवर माणसं तिथे एकांताला येतात. बेट खाजगी आहे ते कंपनीसाठी. दुकान तिचं, खुर्ची तिची, सरबत तिचं, आणि गिऱ्हाईक रागावून निघालं तरी जाणार कुठे? चारी बाजूंनी पाणी.

आमचं जहाज त्या मानाने जुनं आणि लहान, आणि आमच्या बेटाला धक्का नव्हता. बेटाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं भली होती आणि जे काही झालं ते आम्ही आमचं बरोबर घेऊन गेलो होतो.

पहिला प्रश्न सावलीचा. बेटावर सावली चार प्रतीची मिळते. सर्वांत वर कबाना, म्हणजे पडदे लावलेली झोपडी. हिचं दिवसाचं भाडं शेकडो डॉलरांत. मग शिंपल्यासारखं उघड-मिट करणारं छप्पर, मग छत्री. आणि सर्वांत खाली निसर्ग.

‘सावलीचे पैसे?’ आई म्हणाली. ‘आणि वाऱ्याचे?’

‘वारा फुकट आहे, आई.’

‘सांगू नकोस कुणाला.’

कबानाच्या भाड्यात आंजर्ल्याला आठवडाभर राहून होईल, तेही दोन्ही वेळच्या सोलकढीसकट, असा हिशेब बायकोने मांडला. पण भाऊ म्हणाला, ‘हा अनुभव आहे,’ आणि या शब्दापुढे आजकाल कुणाचं काही चालत नाही. कबाना घेतली.

त्यानंतर मेव्हण्यांना एक शोध लागला. जहाज सुटेपर्यंत हे भाव वर-खाली होत राहतात, आणि भाव उतरला तर आधीचं रद्द करून स्वस्तात पुन्हा घेता येतं. त्या दिवसापासून त्यांचा सेन्सेक्स सुरू झाला. रात्री साडेबाराला फोन. ‘भाऊजी, बारा डॉलर उतरली.’ सकाळी सहाला फोन. ‘चढली.’ मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना संदेश यायचा : ‘होल्ड करतोय.’ शेजारी बसणाऱ्या गुजराती सहकाऱ्याने तो वाचला आणि दबक्या आवाजात विचारलं, ‘कुठला शेअर?’ पुढे एका मध्यरात्री भाव सोळा डॉलरांनी घसरला. मेव्हण्यांनी जुनी कबाना रद्द केली, नवी घ्यायला बोट पुढे केलं आणि त्या मधल्या दीड मिनिटात शेवटची कबाना दुसऱ्या कुणीतरी उचलली. तोही बहुधा कुणाचा तरी मेव्हणा असणार.

‘बरंच झालं,’ मेव्हणे सकाळी म्हणाले. ‘कबानात बसून समुद्र नीट दिसत नाही. फुकटच्या खुर्च्यांची पहिली रांग, हीच खरी जागा. जाणकार लोक तिथेच बसतात.’ फाइलची आवृत्ती ४ आली.

मग खरेदी. समुद्रावर जायला पूर्वी चपला काढाव्या लागत. आता घ्याव्या लागतात. पाण्यातल्या चपला वेगळ्या. फोनला गळ्यात अडकवायची पारदर्शक पिशवी. कार्डाला गळ्यात अडकवायची दोरी. चष्म्याला गळ्यात अडकवायची दोरी. सगळं अडकवून पाहिलं तर बायको म्हणाली, ‘पोहायचं की देवदर्शनाला जायचंय?’ केबिनच्या भिंती लोखंडी असतात, म्हणून चुंबकाचे हुक. वाऱ्याने खुर्चीवरचा टॉवेल उडू नये म्हणून पोपटाच्या आकाराचे मोठे चिमटे, हिरवे. ‘आपल्या खुर्च्या लांबून ओळखू येतील,’ असा मेव्हण्यांचा खुलासा. आईने तिच्या पिशवीत एक जुनी नऊवारी, आलेपाकाच्या वड्या आणि चिवड्याचं सीलबंद पाकीट टाकलं. तिची तयारी संपायला चहा निवायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

बेटाच्या आदल्या रात्री जहाजावर बैठक झाली. बैठकीला मी, बायको, कॉलेजात जाणारी आमची मुलगी, आई आणि वहिनी, म्हणजे मेव्हण्यांची बायको. वहिनी अशा बैठकांना विणकाम घेऊन येतात आणि मान वर न करता ‘हं’ म्हणतात. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी तो ‘हं’ इतका घोटलाय की त्यातून होकार, नकार आणि झोप यांतलं नेमकं काय ते कळत नाही.

विषय पहिला : वारा. समुद्र खवळलेला असेल तर कप्तान बेटावर थांबतच नाही. होड्यांतून माणसं उतरवणं धोक्याचं असतं. मेव्हण्यांच्या फोनवर वाऱ्याचा वेग, लाटांची उंची आणि दोन लाटांमधलं अंतर सेकंदांत येत होतं.

‘अकरा नॉट,’ ते गंभीरपणे म्हणाले. ‘ईशान्येकडून.’

‘समुद्राला नारळ दिलात का?’ आईने विचारलं.

‘अहो आई, बोटीवरून पाण्यात काही टाकायला सक्त मनाई आहे.’

‘मग थांबेल कशी तुमची बोट?’ आई म्हणाली आणि साखरेची एक पुडी फोडून, पश्चिमेकडे हात जोडून, तिने ती स्वतःच खाल्ली. म्हणे, भावना पोचते.

विषय दुसरा : पहिली होडी. मेव्हण्यांचं म्हणणं, सामान्य प्रवासी आठला उठतो, नऊला नाश्ता करतो, दहाला उतरतो. म्हणून आपण सहाला नाट्यगृहाच्या दाराशी, कारण होडीची तिकिटं तिथे मिळतात. ‘ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते,’ ते म्हणाले.

सकाळी सहाला नाट्यगृहाच्या दाराशी पोचलो तर ते फार थोडे लोक जिना उतरून खालच्या मजल्यापर्यंत गेले होते. प्रत्येकाच्या गळ्यात पारदर्शक पिशवी. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आपल्यालाच काय ते ठाऊक असल्याची झाक, आणि पुढच्या माणसाबद्दल संशय. सामान्य प्रवासी मला अख्ख्या क्रूझमध्ये कुठेच भेटला नाही. सगळे जाणकारच होते. वर, सोनेरी कार्डवाल्यांना रांगेशिवाय सोडत होते. मेव्हण्यांचं कार्ड चंदेरी. त्यांनी ते दाखवलं, उलटून दाखवलं, ‘पुढच्या क्रूझला सोनेरी होणारच आहे,’ हेही सांगितलं. दारावरच्या मुलीने मनापासून अभिनंदन केलं आणि रांगेचा शेवट कुठे आहे ते दाखवलं.

वहिनी नाश्त्यालाच गळाल्या होत्या. ‘माझं डोकं जरा जड वाटतंय, तुम्ही व्हा पुढे,’ म्हणाल्या. त्यांचं डोकं अजिबात जड दिसत नव्हतं. पण त्यांच्या जागी गट ब मध्ये मुलीला घालून फाइल दुरुस्त करण्यात मेव्हणे इतके गुंतले, की ते कुणी पाहिलं नाही.

होडीत मात्र दृश्य पालटलं. मोठं जहाज हलत नाही, पण होडी म्हणजे होडी. ती लाटेवर चढली, उतरली, एका बाजूला कलली, आणि लाटांची उंची दशांश चिन्हासकट सांगणाऱ्या मेव्हण्यांना बोट लागली. चेहरा चिमट्यातल्या पोपटासारखा झाला. आई त्यांच्या शेजारी पदर खोचून निवांत बसली होती.

‘आमच्या हर्णैला बोट आत येतच नसे,’ तिने सुरू केलं. ‘मुंबईहून भाऊच्या धक्क्याला बसलं की हर्णैसमोर लांब उभी राहायची. मग पडावात उड्या मारायच्या. पडाव वर आला की मारायची, खाली गेला की थांबायचं. किनाऱ्याजवळ पाणी कमी, तिथून खलाशी खांद्यावर घेऊन वाळूत नेऊन ठेवायचे. कडेवर पोर, डोक्यावर ट्रंक. पाण्यात चिमटा लागायचा नाही की चप्पल. आलेपाक खा, बरं वाटेल.’

मेव्हण्यांनी आलेपाक खाल्ला. त्या दिवशी फाइलबाहेरची त्यांनी केलेली ही पहिली कृती.

बेटावर उतरलो तेव्हा आमच्या आधी दोनच होड्या गेल्या होत्या. निळं पाणी, पांढरी वाळू, माडांची रांग. चित्रात दाखवतात तसंच होतं, त्यात फसवणूक काही नाही. पण पहिल्या रांगेतल्या एकूण एक खुर्चीवर टॉवेल. दुसऱ्या रांगेत टॉवेल. तिसऱ्या रांगेत टॉवेल. आणि माणूस म्हणाल तर नजर जाईल तिथवर एकही नाही. कुठे टॉवेलवर एकच सँडल ठेवलेली, कुठे अर्धी वाचलेली रहस्यकथा, कुठे लहान मुलाचा पोहायचा चष्मा. एका खुर्चीवर टॉवेलसुद्धा नव्हता, नुसता केसांना लावायचा क्लिप. त्या क्लिपने ती खुर्ची दुपारपर्यंत एकट्याने लढवली. तीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ रिकाम्या खुर्च्या अडवू नयेत अशी पाटी शेजारीच होती. पाटीलाही कुणीतरी टॉवेल बांधून ठेवला होता.

‘हा निव्वळ निर्लज्जपणा आहे,’ मेव्हणे कडाडले. ‘बसायचं नाही तर अडवायची कशाला? माणसाला थोडी तरी नीतिमत्ता हवी.’

असं म्हणून त्यांनी पाचव्या रांगेत सहा खुर्च्या गाठल्या, त्यांवर जहाजाचे सहा निळे टॉवेल पसरले, पोपट लावले आणि म्हणाले, ‘चला आता बेट बघून येऊ.’

‘दादा, आपणही तेच करतोय,’ बायको म्हणाली.

‘आपण परत येणार आहोत,’ मेव्हणे म्हणाले. हा फरक मलाही तेव्हा पटला.

राखणीला मला ठेवलं. समोर चौथ्या रांगेच्या टॉवेलांच्या पाठी आणि त्यांच्या वर समुद्राची एक निळी पट्टी. माडाची सावली मेव्हण्यांनी होकायंत्र लावून काढली होती आणि ती बरोबरच पडली होती. फक्त सूर्य एका जागी थांबला नाही. सावली शेजारच्यांच्या खुर्चीवर गेली. एक वयस्क अमेरिकन बाई आल्या.

‘इथे कुणी बसलंय का?’

‘हो, येतायत.’

‘केव्हा?’

‘अकरा चाळीसला.’

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पाच रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, आणि डॉक्टर बातमी सांगायच्या आधी खांद्यावर हात ठेवतात तसा हात ठेवून निघून गेल्या.

थोड्या वेळाने एक मोठं कुटुंब आलं. आजोबा, दोन मुलगे, नातवंडं. आजोबा म्हणाले, ‘तुम्ही आमच्या खुर्च्यांवर बसलाय.’ मी म्हटलं, या आमच्या. ते म्हणाले, टॉवेल बघा. टॉवेल निळे. जहाजाने सगळ्या प्रवाशांना दिलेले सगळेच टॉवेल निळे. मी विजयी मुद्रेने पोपटाकडे बोट दाखवलं. आजोबांनीही दाखवलं. मग मी मान वर करून पाहिलं. पाचव्या रांगेत या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवे पोपट बसले होते. जाणकार लोकांचं दुकानही एकच असतं.

तोडगा निघेपर्यंत एकाएकी सगळीकडून घंटा वाजू लागल्या. आग वगैरे नव्हती. दर दोन तासांनी उन्हाचं मलम पुन्हा लावायची आठवण अर्ध्या किनाऱ्याने फोनवर एकाच वेळी लावली होती. भांडण तिथेच राहिलं. आजोबांनी मला त्यांचं मलम दिलं, मी त्यांच्या पाठीला लावलं, आणि दोन्ही कुटुंबांनी खुर्च्या अर्ध्या-अर्ध्या वाटून घेतल्या. रात्री जहाजावर परत केले तेव्हा आमच्याकडचे टॉवेल दोन जास्त भरले. कमी भरले तर पैसे कापतात, जास्तीचे देत नाहीत.

जेवण बाराला सुरू होणार, गर्दी साडेबाराला होणार, म्हणून फाइलप्रमाणे गट अ सव्वाअकरालाच रांगेत. बाकीचं जहाजही सव्वाअकरालाच. अशा रीतीने ११.४० ते १२.१० हा वेळ आम्ही उन्हात, ताट हातात धरून उभ्याने घालवला. मेव्हण्यांनी फोनवर त्या ओळीपुढे ‘पूर्ण’ अशी खूण केलेली मी स्वतः पाहिली.

‘काय आहे जेवायला?’ आईने विचारलं.

‘चिकन, हॅम्बर्गर, मक्याचं कणीस.’

‘मासा?’

मासा नव्हता. चारी बाजूंनी समुद्र, आणि पानात कोंबडी. सगळं अन्न त्याच मोठ्या जहाजातून, आमच्यासारखंच होडीत बसून आलेलं. ‘कोंबडीलासुद्धा बोट लागली असेल,’ आई म्हणाली आणि कणीस घेऊन बाजूला झाली. आम्ही मात्र सगळं घेतलं. भूक नव्हती, पहाटे पाचला नाश्ता झाला होता, रांगेत लागायच्या आधी पुन्हा झाला होता. पण जेवण तिकिटात धरलेलं होतं, आणि धरलेलं जेवण सोडणं मराठी माणसाला जमत नाही. शेजारच्या टेबलावर डेट्रॉइटचं एक जोडपं चौथा हॅम्बर्गर डोळे मिटून गिळत होतं. त्यांनाही जमत नसावं.

मुलगी पाण्याखाली मासे बघून आली, तीच काय ती फाइलमधली आनंदाने पार पडलेली नोंद. तिने माहिती आणली : पॅरटफिश नावाचा रंगीत मासा प्रवाळ कुरतडून खातो, पोटात त्याची पूड होते, आणि इकडच्या पांढऱ्या वाळूतला काही भाग त्या माशाच्या पोटातून मागच्या वाटेने आलेला असतो.

‘म्हणजे आपण कशात बसलोय?’ बायकोने विचारलं.

मेव्हण्यांनी खिशातून पेन काढलं आणि ‘वाळूत किल्ला, ३० मिनिटे’ ही ओळ खोडली.

याच सुमारास आई दिसेना. सव्वाएक वाजला होता. गट अ ने खुर्च्या तपासल्या, गट ब ने रांगा. मेव्हण्यांनी बेटाचा नकाशा वाळूवर पसरून चौकोन पाडले. जीवरक्षक मुलगा म्हणाला, ‘साडी नेसलेल्या आजी ना? त्या मघाशीच त्या टोकाला गेल्या.’ बेटावर छोटी ट्रॅम फिरते. तिचा शेवटचा थांबा जिथे आहे तिथून पुढे पाचेक मिनिटं चालावं लागतं. ट्रॅम जिथे जात नाही तिथे जाणकार जात नाहीत. आम्ही पोचलो तर तिथे आणखी एक किनारा होता, तसंच पाणी, तशीच वाळू, समुद्राला लागून रांगभर खुर्च्या, आणि त्या सगळ्या रिकाम्या. नुसत्या रिकाम्या नव्हे, टॉवेलसुद्धा नाहीत. एका खुर्चीवर नऊवारीची चौघडी अंथरून आई पाय पसरून झोपली होती. शेजारी त्याच अमेरिकन बाई, मांडीवर चिवड्याचं पाकीट.

‘आई, किती शोधलं तुला!’

‘का? मी कुठे जाणार? चारी बाजूंनी पाणी.’

‘इथे खुर्च्या रिकाम्या आहेत हे तुला कुणी सांगितलं?’

‘दिसल्या,’ आई म्हणाली.

आता बसावं, असं सगळ्यांच्या मनात आलं. मी खुर्चीला पाठ टेकवलीसुद्धा. पण घड्याळात पाऊण तास मागे पडलेले मेव्हणे उभेच होते. शेवटची होडी साडेचारला. म्हणून लोक साडेतीनला गर्दी करणार. म्हणून आपण अडीचला निघायचं. आई म्हणाली, ‘तुम्ही व्हा पुढे, मी शेवटच्या पडावाने येईन, ही बाई आहे सोबतीला.’ मुलगी आजीबरोबर राहिली. आम्ही तिघं निघालो. अडीचला होडीच्या रांगेत सकाळचीच सगळी मंडळी त्याच क्रमाने उभी होती. एकमेकांना ओळख दाखवावी की नाही, असा प्रश्न पडला. डोक्यावर छप्पर नाही, मलमाची बाटली संपलेली. बेटावर आम्ही सलग एका जागी सर्वांत जास्त वेळ थांबलो तो इथे.

जहाजावर परतलो आणि तलावाच्या मजल्यावर गेलो. एरवी या मजल्यावर खुर्चीसाठी माणसं पहाटे टॉवेल टाकून जातात. आज मैदान मोकळं. तलावात कुणी नाही, सरबताच्या खिडकीशी रांग नाही, वाजंत्री मंडळी एकमेकांनाच गाणी ऐकवतायत. आणि सर्वांत चांगल्या जागी, सावलीतल्या जाड गादीच्या खुर्चीवर, पाय वर घेऊन वहिनी विणत बसल्या होत्या. शेजारी थंडगार शहाळं आणि ताटलीत तळलेला मासा.

‘डोकं कसं आहे?’ मेव्हण्यांनी विचारलं.

‘कुणाचं?’ वहिनी म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं की सकाळी सगळे गेल्यावर त्या इथे आल्या, वाटेल तेव्हा पाण्यात उतरल्या, मासा मागितला तर आचाऱ्याने स्वतः आणून दिला, कारण त्याला दुसरं काम नव्हतं. बेटाचे दिवस त्या नेहमी असेच घालवतात. प्रत्येक क्रूझला डोकं जड होतं. मेव्हण्यांच्या हे आजवर लक्षात आलं नव्हतं, कारण फाइलमध्ये तसा रकाना नव्हता.

आई शेवटच्या होडीने आली, तीही अमेरिकन बाईंच्या सोनेरी कार्डावर, रांगेशिवाय. मेव्हणे तेव्हा केबिनमध्ये होते. रात्री जेवायला आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता, आणि मला भीती वाटली ती खरी ठरली. पुढच्या क्रूझची फाइल तयार होती. ‘भाऊजी, बेटावर जाण्यात अर्थ नाही. सगळे जातात. आपण जहाजावरच राहायचं. तुमच्या वहिनींची खुर्ची, म्हणजे डावीकडची तिसरी, पहाटे साडेपाचला धरायची. जबाबदार व्यक्ती तुम्ही.’

वहिनी विणता विणता ‘हं’ म्हणाल्या. या वेळी त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. मेव्हणे सोडून.

एवढ्यावर भागलं असतं. पण नवं ज्ञान स्वतःपुरतं ठेवणारा जाणकार अजून जन्माला यायचाय. मेव्हण्यांनी ही युक्ती त्याच रात्री क्रूझवाल्या मराठी मंडळींच्या भल्यामोठ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नकाशासकट टाकली, आणि तिथून ती ह्यूस्टनच्या तेलुगू आणि गुजराती ग्रुपांत गेल्याचं कळतं. ‘फार थोड्यांना माहीत आहे’ असं वर लाल अक्षरांत लिहिलंय.

तेव्हा येत्या डिसेंबरात तुम्ही बहामाच्या क्रूझला जाणार असाल, तर बेटावर बिनधास्त उतरा. आठला उठा, नऊला नाश्ता करा, दहाची होडी घ्या आणि आवडेल त्या खुर्चीत बसा. बाकी सगळे जहाजावर असणार आहेत.